दाखविणाऱ्याचे ऋण

व्याकरणाच्या तासाला प्रयोजक क्रियापदे आली की मी मुलांना एक गंमत दाखवितो. 'मूल हसते' या वाक्यात मूल कर्ता असते. 'आई मुलाला हसविते' असे म्हटले की मूल बिचारे 'मुलाला' होऊन बाजूला सरते आणि कर्तेपण आईकडे जाते. हसते अजून मूलच. पण त्या हसण्याचे उत्तरदायित्व आता आईवर आहे. 'पाहणे' आणि 'दाखविणे' यांचे नाते काहीसे असेच आहे. माणूस आपला आपण हिंडून पाहतो, तेव्हा त्याच्या पाहण्यातील उणेअधिक त्याचे. त्याला दुसरा कोणी दाखवितो, तेव्हाही डोळे त्याचेच असतात. परंतु कोठे थांबावे, कशापुढे हात जोडावेत आणि कशाकडे पाठ करून पुढे जावे, हे दुसऱ्याने ठरविलेले असते. मग त्या पाहण्याचे पापपुण्य कोणाच्या पदरी बांधावयाचे?

हा प्रश्न मला पुस्तकाने घातला नाही. तो सुवर्णदुर्गाने घातला.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील हर्णै बंदरासमोर हा किल्ला भर समुद्रात उभा आहे. किनाऱ्यावर त्याचे तीन धाकटे भाऊ आहेत : कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरे आहेत. सुवर्णदुर्गावर मात्र कोणी राहत नाही. तट शाबूत, आणि तटाच्या आत रान. करवंदीच्या जाळ्या, अंगावर ओरखडे काढणाऱ्या वेली, पडक्या वाड्यांची जोती, पाण्याची टाकी, आणि दगडांच्या फटीत मुळे घालून बसलेली झाडे. एखाद्या बेटावरून माणूस उठून गेला म्हणजे निसर्ग किती घाईने परत येतो, हे पाहावयाचे असेल तर येथे यावे.

माझा एक जुना विद्यार्थी तेथे माणसे घेऊन जातो. मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. पावसाळा सरला, दर्या शांत झाला, की सुट्टीत येणारी आठदहा माणसे होडीत बसवायची आणि बेट दाखवून आणायचे, हा त्याचा जोडधंदा. मीही एकदा त्याच्या होडीत बसलो. सांगावयास संतोष वाटतो, की तो उत्तम दाखवितो. आधी तो बेटाला होडीतून वळसा घालतो आणि बोलत नाही. लाटा तटाच्या पायथ्याशी कशा फुटतात, पश्चिमेच्या अंगाला वारा कसा बदलतो, हे माणसाला आपोआप कळते. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे. 'हे पाहा कासव' असे तो म्हणत नाही. 'खाली बघून पाय टाका' एवढेच म्हणतो. आणि कोणाला तरी ते कासव सापडते, तो माणूस लहान मुलासारखा ओरडतो. डाव्या हाताला तटात मारुती आहे, तेथे तो क्षणभर थांबतो. झाडीत एखाद्या मोठ्या पक्ष्याची चाहूल लागली तर आवाज खाली आणतो. वर्गात तीन ओळी पाठ न होणारा हा मुलगा इतके शहाणपण कोठून शिकला, याचे मला नवल वाटत होते.

आमच्या टोळीत आईबापांबरोबर आलेला दहाएक वर्षांचा एक मुलगा होता. बुरुजावर उभे असताना त्याने विचारले, "हा किल्ला कधी कुणी जिंकला का?"

"छे!" माझा विद्यार्थी म्हणाला, "दर्यात आपल्याला कोण हरवणार?"

सर्वांचे चेहरे उजळले. मुलगा तर तोफ असल्यासारखा समुद्राकडे हात रोखून उभा राहिला.

आता इतिहास काय आहे तो सांगतो. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेऊन बळकट केलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्ऱ्यांच्या आरमाराचा मोठा आधार झाला. कान्होजी १७२९ साली वारले. त्यांचा मुलगा तुळाजी याच्या हाती दक्षिणेकडचा किनारा आला. तुळाजी शूर होता आणि कोणाला जुमानत नव्हता. इंग्रजांना नाही आणि पेशव्यांनाही नाही. १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला, आणि त्याच वर्षी एप्रिलच्या आरंभी कमोडोर विल्यम जेम्स याच्या जहाजांनी सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या. आत दारूगोळ्याचा भडका उडाला, किल्ला पडला. करारान्वये तो पेशव्यांना मिळाला, आणि इंग्रजांच्या पदरात बाणकोट पडले. पुढील फेब्रुवारीत विजयदुर्गही गेला. तेथे आंग्ऱ्यांचे आरमार आगीत जळाले आणि तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. सत्तेचाळीस वर्षांनी, १८०२ मध्ये, नानासाहेबांचाच पुतण्या दुसरा बाजीराव होळकरांपुढून पळत कोकणात उतरला, तेव्हा याच सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला आला. येथून तो पुढे वसईस गेला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. घरातील भांडण मिटविण्यासाठी शेजारचा पहिलवान बोलवावा, आणि शेवटी घर त्याच्याच नावे व्हावे, असा हा प्रकार.

गंमत पुढेच आहे. विल्यम जेम्स १७८३ साली मरण पावला. त्याच्या विधवेने दुसऱ्या वर्षी लंडनजवळच्या शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधला. त्याला नाव दिले 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्ग हा शब्द इंग्रजी जिभेवर असा मोडला. तो मनोरा आजही उभा आहे आणि २०१४ पासून लोकांना पुन्हा पाहावयास मिळतो. त्याच्यावरील शिलालेखात जेम्सच्या पराक्रमाचा आणि किल्ला जिंकल्याच्या तारखेचा गौरवाने उल्लेख आहे. पेशव्यांच्या कराराचा नाही.

म्हणजे पाहा, एकाच घटनेच्या दोन खुणा, हजारो मैलांच्या अंतरावर. आणि दोहोंकडून एकच माणूस बाहेर घालविला गेला आहे. लंडनच्या टेकडीवर पेशवा नको, कारण त्याने जेम्सचे यश वाटून घेतले असते. हर्णैच्या होडीत पेशवा नको, कारण त्याने आपला अभिमान वाटून घेतला असता. जिंकलेले आणि हरलेले असे एका बाबतीत अगदी एकमताचे झालेले पाहून मला हसू आले, आणि मग हसू राहिले नाही.

संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. तेथे मी त्याला विचारले, "अरे, त्या पोराला 'छे' का म्हणालास? तुला सतराशे पंचावन्न ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, गुरुजी. तुम्हीच सांगितलं होतं."

"मग?"

तो थोडा वेळ टोपल्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माणसं वर्षाची दोन दिवस रजा काढून येतात. त्यांना काय सांगू, आपल्याच माणसांनी आपला किल्ला पाडला म्हणून? तोंडं उतरतात, गुरुजी. परत येत नाहीत, दुसऱ्याच्या होडीत बसतात. तुमच्या वर्गाला दार आहे. पोरगं कंटाळलं तरी घंटा होईपर्यंत बसतं. माझं गिऱ्हाईक उठून जातं."

हे उत्तर मी सहज उडवून लावू शकत नाही. पोटासाठी माणूस बोलतो तेव्हा पोट भरलेल्याने घाईने नीती सांगू नये. शिवाय त्याच्या म्हणण्यात एक दयाही आहे. थकलेल्या माणसाला चार घटका आनंद द्यावा, यात वाईट ते काय? आणि सगळेच सांगावयाचे म्हटले तर होडी भरतीआधी परत कशी यावयाची? दाखविणे म्हणजेच निवडणे. मी तरी वर्गात दुसरे काय करतो? चौथीच्या मुलाला शिवचरित्र शिकविताना मीही पुष्कळ गाळतो. मग गाळणे आणि फसविणे यांत भेद कोणता?

विचार करता मला असे वाटू लागले आहे, की गाळणे दोन जातींचे असते. एक गाळणे दार लोटून घेते, पण कडी लावीत नाही. कासव न दाखविता 'खाली बघून चाला' म्हणणे हे त्या जातीचे. मी अफझलखानाच्या वधानंतरच्या वाटाघाटी चौथीत सांगत नाही. पण मुलाने विचारले, किंवा पुढे मोठा होऊन वाचले, तर मी आधी सांगितलेले काही खोटे पडत नाही. दुसरे गाळणे कडी लावते. प्रश्न आलेला असतो, आणि उत्तर अशा रीतीने दिले जाते की पुन्हा तो प्रश्नच उठू नये. कसोटी म्हणाल तर एवढीच : ऐकणारा उद्या खरे शोधून काढील, तेव्हा तो दाखविणाऱ्याचे उपकार आठवील, की त्याला फसविणारा म्हणेल? होडीतल्या आठ मोठ्या माणसांना काही न सांगणे हे पहिल्या जातीत बसू शकेल. दहा वर्षांच्या मुलाने सरळ विचारलेल्या प्रश्नाला 'छे' म्हणणे बसत नाही.

कोणी म्हणेल, एका पोराला एक किल्ला अजिंक्य वाटला तर आभाळ कोसळते काय? आभाळ कोसळत नाही. पण ज्याला लहानपणापासून 'आपण कधी हरलोच नाही' असे सांगितले, त्याला पुढे हार भेटते तेव्हा तिचे कारण शोधता येत नाही. ते कारण बाहेरच असले पाहिजे, अशी त्याच्या मनाची घडण होऊन बसते. भावकीच्या भांडणात तिसऱ्याला बोलावताना त्याचा हात अडत नाही. कारण ती गोष्ट पूर्वी एकदा घडली होती, हे त्याला कोणी दाखविलेलेच नसते. कोकणात वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून कोर्टात पिढ्या घालविणारी कुटुंबे काही कमी नाहीत. सतराशे पंचावन्न तेथे रोज घडते आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. खरे सांगावयाचे म्हणून नानासाहेब पेशव्यांना नुसते घरभेदे ठरविणे, हेही खरे नव्हे. राज्य एक असावे, किनाऱ्यावर प्रत्येकाने आपला स्वतंत्र ध्वज मिरवू नये, असे त्यांना वाटले असेल तर ते अगदीच अन्याय्य म्हणता येणार नाही. तुळाजीही निर्दोष नव्हता. म्हणजे अभिमानाची गोष्ट टाकून संतापाची गोष्ट सांगितली, तर दाखविणाऱ्याने एक रान तोडून दुसरे लावले असे होईल. त्या तटावर चढलेली झाडे मला आठवतात. दिसावयास ती फार रमणीय. सगळे त्यांचीच छायाचित्रे घेतात. पण त्यांची मुळे दगड फोडीत आहेत, आणि त्यांच्या पानांआड तट दिसत नाही. आवडती गोष्ट, मग ती गौरवाची असो की द्वेषाची, अशीच वाढते.

मग त्याने सांगावे तरी काय? मी त्याला तीन वाक्ये सुचविली. "हो बाळ, सतराशे पंचावन्न साली हा किल्ला पडला. पाडणारे इंग्रज होते आणि त्यांना बोलावणारे आपले होते. आपापसांत त्यांचे का बिनसले, ते घरी गेल्यावर गुरुजींना विचार." एवढे सांगून त्याने नेहमीसारखे गप्प व्हावे आणि समुद्राला बोलू द्यावे. तोंडे क्षणभर उतरतील हे खरे. पण ज्या जागेने आपल्याला थोडे गप्प केले नाही, ती आपण पाहिली असे तरी कसे म्हणावे?

हे आता अधिक निकडीचे झाले आहे. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशात नोंद झाली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतली जिंजी. सुवर्णदुर्ग त्यांत आहे, आणि आम्हा कोकण्यांची छाती त्या दिवशी फुगली हे मी लपवीत नाही. माणसे वाढतील, होड्या वाढतील, रान कमी होईल. दूरदेशीची माणसेही येतील. त्यांच्यापैकी एखादा लंडनचा मनोरा पाहून आलेला असेल. जगाचा वारसा म्हणून जे आपण जगापुढे ठेवले, त्याची गोष्ट घरापुरती ठेवता येणार नाही. आणि वारसा म्हणजे नुसती मिळकत नव्हे. घर वारशाने घेणाऱ्याला घरावरचे कर्जही घ्यावे लागते, हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको.

माझ्या तीन वाक्यांवर तो हसला. 'बघू' म्हणाला. मग जाता जाता म्हणाला, "गुरुजी, होडीत बसणारी माणसं तुमच्याच वर्गातून येतात. तुम्ही त्यांना खरं ऐकायची सवय लावून पाठवा. मग मला सांगायला जड जाणार नाही."

या बोलण्याने हिशेब पुन्हा माझ्याच दारात आला. आम्ही शिक्षक आणि आम्ही लिहिणारे, दोघेही दाखविणारेच. ज्याला गोडच ऐकावयाची चटक लागली आहे, असे गिऱ्हाईक होडीत जन्माला येत नाही. ते वर्गात, घरात, गोष्टीच्या पुस्तकात तयार होते. नावाड्याने तेवढे खरे बोलावे आणि बाकीच्यांनी टाळ्या घ्याव्यात, हा न्याय नव्हे. दिवाळीची सुट्टी संपली की पुन्हा इतिहासाचा तास येईल. समोरच्या बाकांवर हर्णैच्या होड्यांत बसणारी आणि त्या होड्या चालविणारी, दोन्ही मुले असतील.