मरियामातेच्या पायाखालचा चंद्र



काही दिवसांपूर्वी एका शनिवारी आम्ही आपल्या धर्मग्रामातील अकरा युवक-युवतींना घेऊन मुंबईला चित्रप्रदर्शन पाहण्यास गेलो. वसईहून चर्चगेट लोकल आणि पुढे काळा घोड्यापर्यंत पायी. जहांगीर कलादालनात तिकीट नसते, हे ऐकून काहींना नवल वाटले. १९५२ पासून ते दालन सर्वांसाठी उघडे आहे. पण आपल्यापैकी किती जणांनी तेथे पाऊल ठेवले आहे? (सेमिनरीत असताना आम्ही स्वतः तेथे पहिल्यांदा शिरलो ते पावसापासून बचाव म्हणून, हे कबूल केलेले बरे.)

एका खोलीत कोळशाने काढलेली समुद्रकाठच्या खडकांची चित्रे होती. अकरावी सायन्सचा एक मुलगा एका चित्रासमोरून हलेना. परवानगी घेऊन त्याने मोबाइलवर फोटो काढला, तो उलटा केला आणि म्हणाला, "फादर, हे बघा." सरळ चित्रात जो खळगा होता, तो उलट्या चित्रात चक्क उंचवटा झाला होता! रेषा त्याच, काळे-पांढरे तेच. उजेड वरून येतो असे आपले डोळे गृहीत धरतात आणि सावली कोणत्या बाजूला पडली आहे त्यावरून खोल की उंच ते ठरवतात. शेजारच्या मुलीने विचारले, "मग हे फिजिक्स की ड्रॉइंग?"

परतीच्या लोकलमध्ये आम्ही त्यांना या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी हकिकत सांगितली, ती येथे देत आहोत.

१६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट नावाच्या गणितज्ञाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. चंद्रावरील उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा त्याला वेडीवाकडी दिसली. त्याने ती तशीच वेडीवाकडी काढली आणि विषय तेथेच थांबला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर इटलीत गॅलिलिओने दुर्बीण चंद्राकडे वळवली. त्यालाही तीच वाकडी सीमा दिसली. पण अंधाऱ्या भागात त्याला प्रकाशाचे सुटे ठिपके दिसले, आणि सूर्य वर येईल तसे ते मोठे होत उजेडाला मिळत होते. पहाटे डोंगरमाथ्यावर ऊन आधी पडते आणि दरीत मागाहून उतरते, तसेच हे होते. म्हणजे चंद्रावर डोंगर आहेत! त्या ठिपक्यांचे सीमेपासूनचे अंतर घेऊन, शाळेत शिकतो त्या पायथागोरसच्या प्रमेयाने, त्याने डोंगरांची उंचीही काढली: चार इटालियन मैलांहून अधिक. मार्च १६१० मध्ये हे सारे चित्रांसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. हॅरियटने पुढे पुन्हा चंद्र काढला, तेव्हा त्याच्याही चित्रात खड्डे दिसू लागले.

गॅलिलिओची दुर्बीण अधिक ताकदीची होती, हे खरेच. पण तेवढ्याने सारे उलगडत नाही. ज्या ओस्तिलिओ रिच्ची यांच्याकडे तो गणित शिकला, ते फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीत शिकवत असत. गोल आणि ओबडधोबड वस्तूंवर सावली कशी पडते, हे रेखाटणे तेथे गणिताचाच भाग होता. डाग दिसला की ही सावली कशाची, असे विचारण्याची सवय त्याच्या डोळ्यांना होती. १६१३ मध्ये त्या अकादमीने त्याला सभासदही करून घेतले.

रिच्चींकडे शिकलेला आणखी एक जण होता, लुदोविको चिगोली. तो चित्रकार झाला आणि गॅलिलिओचा जिवलग मित्रही. सूर्यावरील डागांची चित्रे काढून तो रोमहून मित्राला पाठवत असे. रोममधील सांता मारिया मज्जोरे महामंदिरात पोप पाचवे पॉल यांनी एक चॅपेल बांधून घेतले. त्याच्या घुमटात पवित्र मरियेचे चित्र काढण्याचे काम चिगोलीकडे आले. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायातील, सूर्य पांघरलेली आणि पायाखाली चंद्र असलेली स्त्री आपणास ठाऊक आहे. तोवरचे चित्रकार तो चंद्र स्वच्छ, गुळगुळीत दाखवीत. कारण आकाशातील गोल निर्दोष असतात, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वमान्य होते, आणि निष्कलंक मातेला निष्कलंक चंद्रच शोभणार! चिगोलीने १६१२ साली मातेच्या पायाखाली खड्ड्याखळग्यांचा, मित्राने पाहिलेला चंद्र काढला. तो आजही तेथे आहे. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना त्याच महामंदिरात, त्या चॅपेलच्या शेजारीच दफन करण्यात आले.

पुढचा भाग सांगताना धर्मगुरू म्हणून जीभ अडखळते. त्याच पाचव्या पॉल यांच्या कारकीर्दीत, १६१६ मध्ये, पृथ्वी फिरते या मताला मनाई झाली आणि १६३३ मध्ये गॅलिलिओला दोषी ठरवले गेले. या प्रकरणात चूक झाल्याचे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये उघडपणे मान्य केले. चंद्राचे खड्डे घुमटात चालले, पृथ्वीचे फिरणे पुस्तकात चालले नाही. चित्र म्हणजे सजावट, त्याने कोणाचे काय बिघडते, असे तर कोणाला वाटले नसेल?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सांगितले होते की, जे जे आहे त्यास एकत्व, सत्य आणि चांगुलपण असतेच. सौंदर्याला त्या पंगतीत बसवावे की नाही यावर मात्र जुना वाद आहे. संत थॉमस अक्वायनस सौंदर्याचा संबंध हवे-नकोपणाशी न जोडता जाणण्याच्या शक्तीशी जोडतात, हेही आम्ही परीक्षेत लिहिले, गुण मिळवले आणि विसरून गेलो. सुंदर दिसते तेच सत्य, असे मात्र कोणी समजू नये. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे केप्लरने १६०९ मध्येच दाखवले होते, पण गॅलिलिओने अखेरपर्यंत वर्तुळ सोडले नाही. कलेचे अभ्यासक एर्विन पानोफ्स्की यांनी १९५४ मध्ये असे मत मांडले की, वर्तुळाच्या सौंदर्याची ओढच त्याला येथे आड आली. चित्रकाराच्या ज्या डोळ्याने त्याला डोंगर दाखवले, त्यानेच त्याला येथे फसवले असावे.

हे सर्व आम्ही का उगाळत आहोत? एका जुन्या धर्मग्रामात असताना एक वडील आमच्याकडे आले होते. "फादर, पोरगा दिवसभर चित्रं काढतो. तुमचं ऐकेल, जरा समजवा." आम्ही समजावले. चित्रकला रविवारसाठी ठेव, सायन्स घे, जगाविषयीचे खरे ज्ञान तेथे मिळेल, असे आम्ही म्हणालो. त्याने ऐकले. तो आज पुण्यात इंजिनीअर आहे, संसार नीट चालला आहे, वडील समाधानी आहेत. सायन्स घे म्हणालो याचे आम्हाला वाईट वाटत नाही. चित्रे काढताना तो काहीतरी जाणून घेत होता आणि आम्ही त्याला विरंगुळा म्हटले, ते मात्र सलते. मागे भेटला तेव्हा विचारले, "काही काढतोस का रे?" हसून म्हणाला, "वेळ कुठे आहे, फादर!" त्याने कधी दोष दिला नाही. त्याला विचारूनच हे लिहीत आहोत.

त्या शनिवारी लोकल भाईंदरची खाडी ओलांडत असताना आम्ही त्याला खडकाचा तो उलटा फोटो पाठवला, काहीही न लिहिता. रात्री उत्तर आले: "फादर, फोटो उलटा आहे. आणि खडक ओला आहे."

आम्ही फोटो सरळ करून पुन्हा पाहिला. खडक ओलाच होता. त्या चित्रासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो, पण ती ओल आम्हाला दिसली नव्हती.