युद्धानंतरचे पर्व

सज्जनहो, गीता आपण नित्य ऐकतो ती युद्धाच्या आधीची. अर्जुनाचे हात कापले, गांडीव गळाले, भगवंतांनी त्याला उभे केले. पण युद्ध संपल्यावर काय झाले? महाभारताच्या अठरा पर्वांत सर्वांत मोठे ते शांतिपर्व, आणि त्याचा आरंभ होतो जिंकलेल्या राजाच्या शोकाने. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यापासून धर्मराजाचे चित्त जळते आहे. राज्य नको, वनात जातो, म्हणतो.

हे आज का सांगतो? कारगिलचे युद्ध १९९९ साली झाले. त्यानंतर काही वर्षांनी मोखाडा तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात माझे कीर्तन होते. हा सारा मुलूख त्र्यंबकच्या वाटेवरचा. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारा. मृदंगाची थाप जोरात पडली, तसा दाराजवळ बसलेला एक निवृत्त जवान दचकून उठला आणि बाहेर निघून गेला. मी नारदाच्या गादीवरून सहज बोलून गेलो, "रणात उभा राहिला, तो नामाला भ्याला!" मंडळी हसली. तो काही परत आला नाही.

सकाळी त्याची बायको आली. पाया पडली आणि म्हणाली, "बुवा, ते नामाला भीत नाहीत. रात्री उठून दाराशी बसतात. भांडे पडले तरी अंग चोरतात. पोरगा बापाजवळ जात नाही. सासूबाई म्हणतात बाहेरचे लागले, भगताकडे न्या. शेजारी म्हणतात दारू. मी कुणाला सांगू?"

माझी मान खाली गेली. शांतिपर्व मी पाठशाळेत वाचले होते, आणि धर्मराज समोर येऊन बसला तेव्हा त्याला हसलो.

आता पाहा, त्या पर्वात भीम, अर्जुन, द्रौपदी सगळेच धर्मराजाला आधी टाकूनच बोलले. घरची माणसेही थकलेली असतात. त्यांचे दुःख व्यासांनी लपविले नाही. पण द्रौपदीने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, की ज्याचे मन वाट सोडून चालले त्याची चिकित्सा करावी. धूप, अंजन, नस्य, औषध द्यावे. म्हणजे मनाला औषध करणे यात धर्माला काही उणेपणा नाही. मग व्यास, नारद, श्रीकृष्ण त्याच्याजवळ बसले. भीष्म शरपंजरी असून बोलत राहिले. धर्मराज विचारीत गेला, ते सांगत गेले. एका रात्रीत कोणी त्याला शहाणा केला नाही.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, पाश्चात्त्य वैद्यांनी या व्यथेला तोफगोळ्याचा धक्का असे नाव दिले. १९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी तिची आघातानंतरचा ताणविकार म्हणून नोंद केली. हा भ्याडपणा नव्हे, बाधाही नव्हे. जे शरीर क्षणोक्षणी सावध राहिले म्हणून जगले, ते घरी आले तरी सावधपण सोडीत नाही. आवाज झाला की मन पुन्हा त्या डोंगरावर जाते. दारू घेऊन ते विसरत नाही, उलट बिघडते.

त्या संध्याकाळी मी सर्वांसमक्ष त्या जवानाची क्षमा मागितली. मृदंग हलक्या हाताने वाजविला. तो बाहेर अंगणात बसला. बायको-मुलगा त्याच्याजवळ बसले. पुढे तो डॉक्टरांकडे जाऊ लागला. पुरता बरा झाला असे मी म्हणणार नाही. पण त्र्यंबकच्या वाटेवर दिंडीत शेवटी, जिथे गजर कमी, तिथे तो चालू लागला, आणि मुलगा त्याच्याबरोबर.

तेव्हा फडकरी आणि विणेकरी मंडळींना हात जोडून विनंती. असा कोणी दिंडीत असेल तर त्याला दारालगत जागा द्या, पाठीमागून हात लावू नका, पालाजवळ फटाके वाजवू नका. 'किती मारले?' हे तर कधीच विचारू नका. त्याच्या घरच्या बाईला मात्र 'तुम्हाला झोप लागते का?' एवढे अवश्य विचारा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६. सैन्यासाठी पुण्यात २०२३ पासून वेगळा कक्ष आहे. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही पुढची वाट विचारावी.

नाम घ्यावेच. पण नाम घेणाऱ्याने दुःखिताला हसू नये. मी हसलो होतो, म्हणून सांगतो.

रामकृष्ण हरी.