मित्राच्या उशाशी

भाविकहो, जिवलग मित्राचा आजार असाध्य असल्याचे डॉक्टरांकडून कळते, तेव्हा मन दोनदा हादरते. एकदा त्याच्या वियोगाच्या कल्पनेने आणि पुन्हा स्वतःच्या मरणाच्या जाणिवेने. या दुसऱ्या भयामुळेच आपण त्याची भेट लांबवितो आणि ‘काय बोलावे ते सुचत नाही’ अशी मनाची समजूत घालतो.

श्रीमद्भागवतातील परीक्षिती राजास सातव्या दिवशी तक्षकदंशाने मृत्यू येणार असल्याचे कळले. पुत्रावर राज्यभार सोपवून तो गंगातीरी प्रायोपवेशनास बसला. तेथे शुकाचार्य आले. गाय दोहण्यास लागतो तेवढाच वेळ गृहस्थाच्या दारी थांबणारे हे विरक्त मुनी राजापाशी मात्र सात दिवस थांबले. शाप टाळण्याचा उपाय त्यांनी सांगितला नाही, खोटी आशाही दाखविली नाही. मरणोन्मुख माणसाने काय ऐकावे, काय करावे, हा राजाचा प्रश्न त्यांनी आदराने स्वीकारला व हरिकथा सांगितली. कथेच्या अखेरीस तक्षक टळला नव्हता. राजाचे भय मात्र निमाले होते.

शुकाचार्यांचे ज्ञान आपणापाशी नाही, परंतु त्यांचे थांबणे आपल्या हाती आहे. औषधोपचार चालू राहू द्यावेत. त्यासोबत मित्राच्या उशाशी बसावे, त्याला बोलू द्यावे, त्याची इच्छा असेल तर नामस्मरण करावे. राजाला सात दिवसांची मुदत ठाऊक होती. आपणास उद्याचाही भरवसा नाही. येथून प्रसाद घेऊन परतताना त्यातील एक वाटा त्या मित्रासाठी राखावा आणि तो स्वतः जाऊन त्याच्या हाती द्यावा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥