चुकीचा भार कोणी वाहावा?

मानवी शरीरात शस्त्र न लावता रक्तवाहिन्या थेट पाहता याव्यात अशा जागा विरळाच. डोळ्याचा पडदा ही त्यांपैकी एक. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली तो पाहण्याचे साधन जगापुढे ठेवले. आज तेच काम मुठीत मावणारे, मोबाईलला जोडलेले यंत्र करते. बाहुलीच्या इवल्याशा दारातूनच प्रकाश आत जायचा आणि प्रतिमाही त्याच दाराने बाहेर यायची. शिवाय उजेड पडताच हे दार आकसते! म्हणून डोळ्याला न जाणवणाऱ्या अवरक्त किरणांत नेम धरायचा आणि क्षणभरच प्रकाश चमकवायचा, अशी योजना असते. थेंब घालून बाहुली मोठी केली तर काही तास धूसर दिसते. हातावर पोट असलेल्याची दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा ही केवळ तांत्रिक सोय आहे असे आम्हांस वाटत नाही.

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत असे एक यंत्र पारखले गेले. बंगळुरूच्या रेमिडिओ कंपनीचा कॅमेरा, तो पूर्वी कधीही न हाताळलेला आरोग्यसेवक आणि इंटरनेटविना फोनमध्येच निदान करणारी संगणकीय प्रणाली. २३१ मधुमेही तपासले. १८ जणांच्या प्रतिमा वाचण्याजोग्या नव्हत्या. उरलेल्या २१३ पैकी तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. मात्र ज्यांना तसा विकार नव्हता, त्यांच्यातील शंभरात सुमारे बारा जणांनाही तिने धोक्याचा इशारा दिला.

नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. यंत्र चुकणारच, ते कोणाच्या बाजूने चुकावे, हे रचनाकार ठरवतो. निष्कारण इशारे कमी करू पाहिले, तर एखादा खरा रुग्ण निसटून अंध होण्याचा संभव वाढतो. हे दोन तोटे एका तराजूत घालता येत नाहीत. खेटा परत घेता येतो, दृष्टी नाही. म्हणून सावधपणाकडे झुकणारी रचना आम्ही न्याय्य मानतो. आणि प्रतिमा नीट नसेल तेव्हा ‘मला दिसत नाही’ असे सांगणारे यंत्र, आत्मविश्वासाने ठोकून देणाऱ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. (काही माणसांनाही हे जमू नये, याचे नवल वाटते.)

परंतु त्या बारा जणांची भीती, बसभाडे, रांगेतला दिवस कोणाच्या खाती जमा करायचा? लालबागच्या चाळीतील एकट्या वृद्धेच्या हाती चिठ्ठी पडली, तर इस्पितळापर्यंत तिच्यासोबत कोण जाणार? दवाखान्यासाठी यंत्र मागवणाऱ्याने त्या मागणीपत्रातच सोबतीच्या माणसाच्या पगाराची ओळ लिहावी, असा आमचा आग्रह आहे.