माल आणि गाडी

२०२१ साली ‘सोळा कोटींचे इंजेक्शन’ हे शब्द मराठी घराघरांत पोहोचले. मुंबई आणि पिंपरी-चिंचवडमधल्या तान्ह्या मुलांसाठी आईवडिलांनी लोकवर्गणीतून एवढी रक्कम उभी केली होती. चर्चा किमतीची झाली, कुपीत काय असते याची फारशी झाली नाही. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या आजारात जे जनुक सदोष असते, ते १९९५ मध्येच सापडले होते. त्यावरच्या झोल्गेन्स्मा या औषधाला, म्हणजे याच इंजेक्शनला, अमेरिकेत मान्यता मिळाली २०१९ मध्ये. दोष कळल्यावरही चोवीस वर्षे लागली, कारण धडधाकट जनुक पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींपर्यंत नेणारे वाहन हाताशी नव्हते. जनुकोपचाराचा इतिहास मालापेक्षा गाडीचा आहे, असे मला वाटते ते यामुळेच.

सुरुवातीला मात्र गाडी हा दुय्यम प्रश्न समजला गेला. पेशीत शिरून आपला जनुकीय मजकूर आत सोडणे हा विषाणूंचा पिढीजात धंदा. मग त्यांच्याच पाठीवर आपले ओझे का लादू नये? स्टॅनफिल्ड रॉजर्स यांनी १९७०च्या सुमारास अर्जिनेज या विकराची कमतरता असलेल्या जर्मन बहिणींना सशांमधला एक विषाणू टोचला. त्या विषाणूतच हवे ते जनुक आहे, असा त्यांचा अंदाज होता. उपयोग झाला नाही; ते जनुक त्यात नव्हतेच, हे पुढे कळले. गाडी निघाली होती, रिकामी. १९७२ मध्ये फ्रीडमन आणि रॉब्लिन या शास्त्रज्ञांनी या उपचाराची कल्पना मांडतानाच घाई करू नका असेही बजावले, पण पुढच्या पिढीच्या कानी उत्साहाचाच भाग जास्त पडला.

मग हिशेब चुकता करावा लागला. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत अठरा वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. त्याच्या यकृताकडे जनुक नेणाऱ्या अ‍ॅडिनोविषाणूवर त्याची प्रतिकारशक्ती तुटून पडली होती. त्याच सुमारास पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली मुले जनुकोपचाराने खरोखर बरी होऊ लागली. पण त्यांतल्या काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला, कारण वाहक रेट्रोविषाणूने आपला मजकूर कर्करोगाशी संबंधित जनुकाच्या शेजारी नेऊन चिकटवला होता. दोन्हीकडे घात वाहनाने केला.

त्यानंतर पसंती मिळाली ती अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणूला. हा तुलनेने गरीब; एरवी माणसाला आजारी पाडत नाही आणि गुणसूत्रात सहसा घुसत नाही. पण त्याच्या डिकीत जेमतेम ४,७०० अक्षरे मावतात. ड्युशेन या स्नायूंच्या आजारातल्या डिस्ट्रॉफिनच्या जनुकाचा फक्त कामाचा मजकूरच ११,००० अक्षरांचा, म्हणून तिथे कापून छोटे केलेले जनुक वापरावे लागते. शिवाय एकदा टोचला की शरीर त्याला ओळखून ठेवते, दुसरा डोस सहसा देता येत नाही. आयुष्यभराचे औषध एकाच सुईत द्यायचे, म्हणून विषाणूही अफाट लागतात: झोल्गेन्स्मात शरीराच्या दर किलोमागे शंभर लाख कोटींहून अधिक.

किमतीचे खापर केवळ तंत्रज्ञानावर फोडणे भाबडेपणाचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. कंपन्या किंमत ठरवतात ती वाचलेल्या आयुष्याच्या मोलावरून, उत्पादनखर्चावरून नव्हे. पण वाहन कोण बनवतो यानेही फरक पडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या नेक्सकार१९ला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशींत लेंटिविषाणूने जनुक घालणारी ही उपचारपद्धती परदेशातल्या तशाच उपचारांच्या मानाने बरीच स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: क्रिस्पर या जनुकीय कात्रीने जनुकातच दुरुस्ती करता येते, तर वाहनाचा बाऊ कशाला? पण ती कात्रीही पेशीत न्यावीच लागते. सिकलसेलवरच्या कॅसजेव्हीला २०२३ मध्ये मान्यता मिळाली खरी, पण त्यात मूलपेशी शरीराबाहेर काढून विजेच्या झटक्याने त्यांत कात्री शिरवतात आणि त्या परत देण्याआधी रुग्णाची अस्थिमज्जा केमोथेरपीने रिकामी करतात. २०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका बाळासाठी त्याच्याच दोषावर बेतलेले जनुक-संपादन तयार झाले. ते मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांतून दिले गेले. त्यात विषाणू नसल्याने डोस पुन्हा देता आला. मात्र ते जमले, कारण दोष यकृतातला होता. रक्तातले मेदकण टिपून घेणे यकृताच्या अंगवळणीच पडलेले असते, त्यामुळे या गोळ्या आपसूक तिथेच जाऊन पोहोचतात. मेंदूचा आणि स्नायूंचा पत्ता त्यांना अजून नीट सापडलेला नाही.