घराचा खूर

आप्पांच्या वडिलांना घोड्याची पारख होती. स्वतः त्यांनी जन्मात घोडा बांधला नाही. दारात एक बैलजोडी आणि एक म्हैस, एवढीच दौलत. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा भरली, की शिरपूर तालुक्यातली बडी माणसे त्यांना सोबत घेऊन जायचीच. तिथे तापीकाठी घोड्यांच्या रांगा लागत. मालक आयाळ विंचरत, पाठीवर झूल टाकत, ढोलावर घोडा नाचवून दाखवत. गिऱ्हाईक नाचावर भाळे. वडील मात्र पुढे होत, खाली बसत आणि एकेक करून चारही खूर उचलून बघत.

“मालकाला राग येत नाही का?” लहानग्या आप्पांनी एकदा विचारले होते.

“येऊ दे. मी मालकावर संशय घेत नाही. घोडा कुठे दुखतोय हे पुष्कळदा मालकालाही ठाऊक नसतं.”

या कामाचा ते एक रुपया घेत. जास्त नाही आणि कमीही नाही. फुकट सांगितलेले कोणी ऐकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

पुढे आप्पा पोटासाठी सुरतेला गेले. उधन्यात दोन खोल्यांत संसार झाला, मुले मार्गी लागली. निवृत्तीनंतर त्यांनी आणि काकूंनी ठरवले की उरलेले दिवस तापीच्या वरच्या अंगाला, आपल्या मुलखात काढायचे. थाळनेरच्या रस्त्यावरच्या एका गावात काकूंच्या नात्यातल्या बापूचे जुने घर विकायला होते. धाब्याचे घर. काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढरीच्या मातीच्या दीड हात जाड भिंती, सागाचे खांब, ओटा, देवळ्या, मध्यघरात सान्यातून पडणारा उजेडाचा चौकोन. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. काकू उंबऱ्यातच म्हणाल्या, “हेच.”

बापूने चौदा लाख सांगितले. आप्पांनी कागद मात्र मन लावून तपासले. घर गावठाणात, म्हणून सातबारा नाही. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बापूच्या नावावर, घरपट्टी भरलेली, बोजा नाही, भावाबहिणींची संमती लेखी. सगळे चोख होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आली होती. साडेतीन मुहूर्तांतला तो एक. त्या दिवशी एक लाख इसार द्यायचा आणि पुढे शिरपूरला खरेदीखत करायचे, असे ठरले.

अडले ते नाना मिस्तरींमुळे. वय अठ्ठ्याहत्तर, पण पंचक्रोशीतली निम्मी धाबी त्यांच्या हाताखालून गेलेली. ओट्यावर चहा पिताना ते सहज म्हणाले, “आप्पा, तुमना बाप घोडा लेतांना खूर देखे. मंग घरना खूर कोन देखी?”

आप्पा हसले, पण तो प्रश्न रात्रभर उशाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरपूरच्या एका इंजिनिअर ताईंना फोन लावला. घराची पायापासून धाब्यापर्यंत तपासणी आणि लेखी अहवाल, फी पंधरा हजार.

“घर नुसतं बघायचे पंधरा हजार?” आप्पा म्हणाले. “अहो, मुलगी बघायला गेलं तर वर पोहे मिळतात!”

“आणि त्या पोह्यांवरच लग्न ठरवलं, तर पुढचं निस्तरायला किती लागतात?” ताई म्हणाल्या. “आप्पा, आपल्या शिरपूरला पाणी कसं आलं? २००४ पासून इथे काम उभं राहिलं ते सुरेश खानापूरकरांमुळे, आणि ते मूळचे भूशास्त्रज्ञ. आधी जमिनीच्या पोटातले थर ओळखले, पाणी कोणता थर अडवतो ते शोधलं, मग नाले रुंद आणि खोल केले. ते न बघता पोकलेन लावला असता, तर नुसता खड्डा झाला असता.”

आप्पांना बापाचा रुपया आठवला. त्यांनी हो म्हटले.

बापूला मात्र ते लागले. “आप्पा, नात्यात तपासणी? आमच्या तीन पिढ्या या घरात नांदल्या.” आप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून काकू म्हणाल्या, “बापू, लग्नात पत्रिका बघतात, तेव्हा काय मुलीच्या बापावर संशय असतो?”

ताई सकाळी सातलाच आल्या, सोबत नाना मिस्तरी. आप्पांना वाटले होते, आल्या आल्या आत जातील, सागाचे खांब बघतील. त्या घराला बाहेरून तीन फेऱ्या मारत राहिल्या आणि सगळे लक्ष खालच्या तीन फुटांवर. मागच्या भिंतीला तेवढ्याच उंचीपर्यंत सिमेंटचा नवा गिलावा होता.

“हा कधी केला?”

“दिवाळीला,” बापू म्हणाला. “माती झडत होती. लोणा लागला होता.”

“झडत होती, कारण भिंत खालून ओल पीत होती. मातीची भिंत ओल पिते तशी सोडतेही. वरून सिमेंट चोपडलं की ओल बाहेर पडत नाही, आतल्या आत वर चढते. जखम धुतलीच नाही, नुसती पट्टी बांधली.”

नानांनी ओळंबा सोडला. मागची भिंत मधोमध दोन इंच बाहेर आली होती. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली होती, खाली बोटाच्या नखाएवढी आणि वर करंगळी जाईल एवढी. तिच्यात चुन्याचे तीन-चार थर दिसत होते. दर दिवाळीला ती बुजवली जात होती आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा उघडत होती. ताईंनी भेगेवर दोन ठिकाणी काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. “भेग जुनी आहे की जिवंत, ते काच सांगेल. भिंत हलली की काच तडकते.”

मग धाबे. शिडी लावून वर गेल्यावर नानांनी पहारीने एक छोटे भोक पाडले आणि मातीचा थर मोजला. मूळचा थर नऊ-दहा इंचांचा असावा. आता होता एकोणीस इंच. दर मृगाआधी नवी खारी माती टाकायची, जुनी काढायचे मात्र कोणाला सुचत नव्हते. ताईंनी वहीत हिशेब मांडला. मातीचा एक इंच थर म्हणजे चौरस मीटरला चाळीस किलो. नऊ इंच जादा म्हणजे साडेतीनशेच्या वर, तेही कोरडी असताना. पाऊस मुरला की आणखी.

“किल्लारी आठवते ना?” त्या म्हणाल्या. “३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. हजारो माणसं झोपेत गेली, ती भिंती आणि धाबी अंगावर पडून. दगडांच्या जाड भिंती, पण आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांना बांधलेला नाही, आणि डोक्यावर मणामणांची माती. आपल्या सातपुड्यातही १९३८ साली मोठा भूकंप झालेला आहे. धाब्याचं घर वाईट नाही, आप्पा. डोईजड झालेलं धाबं वाईट.”

खांब ठणठणीत निघाले. तुळयांना नवा तेलरंग होता, चकचकीत. ताईंनी रंगाकडे बघितलेही नाही. तुळई भिंतीत जिथे घुसते, तिथे त्या टोच्या खुपसत गेल्या. सहा तुळयांची बारा टोके. दहा ठिकाणी टोच्या लाकडाला लागून थांबला. मागच्या भिंतीतल्या दोन टोकांत तो लोण्यात गेल्यासारखा चार बोटे आत गेला. मधला साग लोखंडासारखा आणि टेकलेले टोक उधईने भुगा केलेले. ज्या टोकावर भार, तेच कोणाला दिसत नव्हते.

दुपारी बाराला ताई नहाणीत शिरल्या. “दहा बादल्या पाणी द्या, आणि थोडा गुलाल.”

गुलालाचे पाणी नहाणीत ओतले. सगळे मागच्या गटारीपाशी जाऊन उभे राहिले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. गटार कोरडी ठाक. एक लाल थेंबही आला नाही.

“पाणी गेलं कुठे?” ताईंनी विचारले.

कोणी बोलले नाही. नाना मात्र आत गेले, कोपऱ्यातले मुसळ उचलले आणि नहाणीपासून मागच्या भिंतीपर्यंतची फरशी ठोकत निघाले. ठक, ठक, ठक. भिंतीपासून हातभर अंतरावर आवाज बदलला. ढब्ब.

“आठे पोकळ शे.”

बापू म्हणाला, “शक्य नाही. इथे काहीच नाही.” तो खोटे बोलत नव्हता. हे त्याच्या चेहऱ्यावरून आप्पांनाही कळले.

ओट्यावर बापूची आजी बसली होती. वय नव्वदीच्या पुढे. सकाळपासून तिच्याशी कोणी चहापलीकडे बोलले नव्हते. ती तिथूनच म्हणाली, “तठे ते दादरनं पेव व्हतं.”

सगळे वळले. आजी सांगू लागली. ती नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यांचे पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, भरलेले असे. आत शाळूपेक्षा गोड अशी खानदेशी दादर ज्वारी, आणि कडुनिंबाचा पाला घालून तोंड लिंपलेले. बहात्तरच्या दुष्काळात पेव उघडले, अर्ध्या गल्लीने खाल्ले. मग ते पुन्हा भरलेच नाही. तोंडावर दगड ठेवला, पुढे कोणी तरी फरशी घातली, तिच्या शेजारी नहाणी बांधली.

“आजी, तू कधी बोलली नाहीस!” बापू म्हणाला.

“कोनी इचारं का?”

फरशी उचलली, दगड सरकवला, टॉर्च टाकला. साडेआठ फूट खोल खड्डा, आणि तळाशी लाल पाणी चमकत होते. नहाणीची मोरी खालून फुटली होती. वर्षानुवर्षे रोजच्या आंघोळीचे पाणी पेवात उतरत होते आणि पेवाच्या कडेलाच मागच्या भिंतीचा पाया होता. ओल, लोणा, भेग, फुगलेली भिंत, कुजलेली टोके, उधई, ही सगळी एकाच घरची माणसे निघाली.

अहवाल आठ दिवसांनी आला. अकरा पाने, फोटोंसह. आधी, तातडीचे: मोरी नवी करून पाणी बाहेर काढणे, पेव कोरडे करून मुरमाने थराथराने ठोकून भरणे, मागच्या दोन तुळयांना टेकू देऊन त्या बदलणे. मग, पावसाळ्यापूर्वीचे: धाब्यावरची नऊ इंच माती उतरवणे, पन्हाळी साफ करणे, सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा देणे. आणि शेवटी, वर्षभर लक्ष ठेवायचे: काचेच्या पट्ट्या. अंदाजे खर्च दोन लाख ऐंशी हजार. तळाशी एक वाक्य होते: ‘घर घेण्याजोगे आहे, आहे त्या किमतीला नाही.’

आखाजी आली आणि गेली. गावातल्या पोरींनी झोके घेतले, घरोघर पुरणपोळी आणि आमरस झाला, पण इसार दिला गेला नाही. बापू चिडला होता. दुसरे गिऱ्हाईक आहे, असेही त्याने सांगून पाठवले. आप्पा शिरपूरच्या वकिलांना भेटून आले होते. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, त्याचे कलम ५५: मालकाला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा दोष मालकाने सांगितला पाहिजे. आप्पा कायदा घेऊन भांडायला गेले नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी अहवाल बापूपुढे ठेवला.

“बापू, कालपर्यंत पेव तुला माहीत नव्हतं, त्यात तुझा दोष नाही. आता माहीत आहे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला हे सांगून विकशील, की न सांगता?”

बापू बराच वेळ पाने उलटत राहिला. गुलालाच्या पाण्याच्या फोटोवर थांबला. मग म्हणाला, “माझी पोरं याच भिंतीला डोकं लावून झोपायची, आप्पा.”

सौदा अकरा लाख वीस हजारांना झाला. मृगाच्या आधी पेव भरले, धाबे हलके झाले. मूठभर दादर घालून पेवाचे तोंड आजीच्या हातून बंद केले. पहिला पाऊस झाला, दुसरा झाला, श्रावण सरला. काचेच्या पट्ट्या तशाच राहिल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी बापू दारात आला. घराच्या पैशांत धुळ्याला देवपुरात एक रो-हाउस बघितले होते. नवेकोरे, गुलाबी रंगाचे, जिन्याला स्टीलचा कठडा. बिल्डर म्हणत होता, दोन दिवसांत टोकन द्या.

“आप्पा, ताईंना फोन केलाय. त्या येतात. पण तुम्ही भी चाला ना मनासंगे.”

आप्पांनी हात पुढे केला. बापूला आधी कळेना. मग हसत त्याने खिसे चाचपले आणि एक रुपयाचे नाणे त्यांच्या तळहातावर ठेवले.

आप्पांनी ते कोपरीच्या खिशात टाकले, देवळीतला नानांचा ओळंबा घेतला आणि चपला घातल्या.

तात्पर्य : रंग उभ्याने दिसतो, पाया बघायला वाकावे लागते. आपल्यासाठी जो वाकतो, त्याचा रुपया बुडवू नये.