दुखण्याचं नाव आणि दोषाचं माप

दुखण्याला नाव देणं हे नीतीचं काम आहे, असं मी मानते. माझ्या लेकीच्या आजारानं मला या विचाराशी आणून उभं केलं.

शाळेत असतानाच तिचे पाय आखडू लागले, बोलणं अडखळू लागलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाच्या भागात लोह साठलेलं दिसलं. फाइलवर निदान लिहिलं होतं, ‘हॅलरव्होर्डन-स्पॅट्झ’. या दोन जर्मन डॉक्टरांनी १९२२ मध्ये एका घरातल्या बहिणींच्या या आजाराचं वर्णन केलं होतं. पुढे नाझी राजवटीनं जगायला नालायक ठरवून अपंग आणि मनोरुग्ण माणसं मारली, लहान मुलंही मारली. त्यांचे मेंदू हॅलरव्होर्डननं अभ्यासासाठी घेतले. अशा माणसाचं नाव माझ्या लेकीच्या दुखण्याला का असावं?

२००१ मध्ये या आजारामागचं ‘पँक-२’ हे जनुक सापडलं आणि त्यावरून ‘पीकेएएन’ हे नाव रूढ झालं. हालचालींच्या आनुवंशिक आजारांची नावं लक्षण आणि जनुक जोडून ठेवावीत, अशी शिफारस २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं केली.

आमच्या घरात मात्र दोष कुणाच्या पदरात घालायचा, हेच चाललं होतं. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या माहेरचंच काहीतरी असणार.” चुलतसासऱ्यांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायला सांगितलं. मी देव मानते, रोज पूजा करते. पण कारण आणि पाप एकच कसं मानू? या जनुकाची एक सदोष प्रत माझ्याकडे आहे, एक ह्यांच्याकडे. आम्ही दोघं ठणठणीत. दोन्ही सदोष प्रती एकाच लेकराच्या वाट्याला येण्याची शक्यता प्रत्येक खेपेला २५ टक्के. यात कुणी काही केलं नाही, कुणी काही चुकवलं नाही. ज्यानं केलं त्यानं भोगावं, हा कर्माचा न्याय. इथे करणारा कोण?

जनुकाचं नावही सगळं सांगत नाही. याच आजारात एखादं मूल लवकर अंथरुणाला खिळतं, एखाद्याला तरुणपणापर्यंत फारसा त्रास नसतो. माझी लेक पेटीचे सूर ऐकले की हसते, हे कुठल्याच वर्गीकरणात बसत नाही.

डॉक्टरांना माझी विनंती आहे : फाइलवर नवं नाव लिहा. आणि आईबापांना एकत्र बसवून सांगा, की हे दोघांकडून आलं आहे आणि दोष दोघांचाही नाही.